संत्र्याच्या झाडावरचा वाघ

मी एक जुना वाघ आहे. पळू नका मित्रांनो, जंगलातला नव्हे, जाडजूड पांघरुणावरचा. डोळे पिवळे, मिशा पांढऱ्या आणि शेपटीपाशी इस्त्रीचा डाग. तो कुणी पाडला ते विचारू नका, अजून डोकं फिरतं.

माझा जन्म नदीपलीकडे, मेक्सिकोतल्या एका गिरणीत झाला. तिथून ओफेलिया मला डोक्यावर घेऊन पूल चालत आली, टेक्सासच्या या टोकाला, जिथे नाताळातही पंखा लागतो. तिचा नवरा एउसेबियो पोट धरून हसला. "अगं, इथं अंगाला घामोळं येतं आणि तू वाघ आणलास?"

"असू दे. थंडी काय सांगून येते?" ती म्हणाली.

थंडी आली, आणि खरंच न सांगता आली. एउसेबियो संत्र्याच्या बागांत राबायचा. एका हिवाळ्यात असा गारठा पडला की बागाच्या बागा काळ्या पडल्या आणि त्याचं काम गेलं. त्या जळक्या बागेतलं एक जगलेलं रोप ओफेलियाने आणून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी लावलं. पुढे त्याला इतकी संत्री लागत की शेजारीपाजारी बादल्या घेऊन यायचे. माझीही तेव्हा चैन होती. ताप आला की मी, पाहुणा आला की मी. ओफेलिया मला हाताने धुवायची आणि उन्हात घालताना म्हणायची, "काय रे वाघोबा, गार झालास ना?"

मग ओफेलिया गेली. एउसेबियोने मला घडी घालून पेटीत ठेवलं. "ह्याला कुणी हात लावायचा नाही," एवढंच बोलला. मित्रांनो, डांबरगोळ्यांच्या वासात वर्षानुवर्षं पडून राहणं म्हणजे काय, ते वाघालाच विचारा! बाईची आठवण जपायची म्हणून मला कोंडलं, पण तिने मला कोंडायला थोडंच आणलं होतं?

गेल्या डिसेंबरात रेडिओवर मोठ्या थंडीची बातमी आली आणि पेटी उघडली. वाटलं, आता कुणाच्या तरी अंगावर जाणार. कसलं काय! म्हाताऱ्याने झाडाच्या बुंध्याशी गुडघाभर मातीचा ढीग घातला, जुन्या बागवानांची ती रीतच आहे. मग मला सरळ झाडावर चढवलं आणि वर प्लॅस्टिक बांधलं.

"आपा, झाडाला वाघ आणि आम्हाला मोजे का?" त्याची मुलगी ग्रासिएला कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

"तुम्हाला घर आहे. तिला कोण आहे?" तो झाडाला 'ती' म्हणतो.

सकाळी अंगण पांढरं! हिमच पडत होतं, ताडाच्या झावळ्यांवर, गाडीवर, माझ्या प्लॅस्टिकवर. सहा वर्षांची नायेली दारातच किंचाळली, "वेलो! आभाळ सांडतंय!" वेलो म्हणजे आजोबा. हातमोजे इथं कुणाकडे असणार? तिने हातांत पायमोजे चढवले, बुटांवर पावाच्या पिशव्या बांधल्या आणि घेतली धाव. तिचा बाप रोलांदो चाळिशीचा गडी, पण अंगणात लोळला. ग्रासिएलाने 'सर्दी होईल, सर्दी होईल' करत स्वतःच पहिला गोळा फेकला, तो बरोब्बर नवऱ्याच्या कानात गेला. बर्फाचा माणूस झाला, त्याला हिरव्या मिरचीचं नाक आणि रोट्यांचे कान. नायेली वाटीत हिम भरून त्यावर चिंचेचं सरबत ओतून खात सुटली.

एउसेबियो मात्र खुर्ची टाकून झाडापाशी बसला होता. "ह्याच पांढऱ्या अवदसेने माझ्या बागा खाल्ल्या," तो पुटपुटला. "रात्री आकाश निवळलं की खरा गारठा. ऊन तापेपर्यंत वाघ हलवायचा नाही."

दुपारपर्यंत नायेली चिंब झाली. पहाटेपासून वीज गेलेली, घरही गारठलेलं. घरातली होती नव्हती ती पांघरुणं पपईवर आणि लिंबांवर भिजत पडलेली. आई ओढत होती, पण पोरगी बर्फाच्या माणसाला सोडेना. "आत गेले की संपेल ना! परत कधी येणार?" तिचे ओठ निळे पडले होते. मग बोलताही येईना, नुसते दात वाजायला लागले. आईने तिचे ओले कपडे काढले, पण कोरडं पांघरूण घरात एकही नव्हतं.

एउसेबियो उठला. झाडाकडे पाहिलं, मग पोरीकडे. फाडफाड प्लॅस्टिक ओढलं आणि मला खाली उतरवलं. मी आतून कोरडा होतो. तिला नखशिखांत माझ्यात गुंडाळून तो गॅसच्या शेगडीपाशी बसला. इतक्या वर्षांनी माझ्या पोटाशी माणूस आलं, मित्रांनो! मला रडू आलं असतं, पण पोर भिजली असती.

हळूहळू तिचे ओठ लाल झाले. "वेलो, तुझं झाड?" तिने विचारलं.

"गप्प बस, वाघ चावेल."

तिने हात बाहेर काढून सरबतातल्या हिमाचा चमचा त्याच्या तोंडाशी नेला. म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं, पण खाल्लं. "चिंच बरी आहे," म्हणाला. सगळे हसले.

संध्याकाळी आकाश निवळलं. नायेली माझ्यात गाढ झोपली होती. ग्रासिएला हळूच म्हणाली, "आपा, वाघ नेता का झाडावर?"

त्याने खिडकीबाहेर झाडाकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाला. "ओफेलियाने पोरांसाठी आणला होता."

झाड काळं पडलं. पानं गळली, फांद्या वाळल्या. मार्चमध्ये रोलांदो करवत घेऊन आला तेव्हा एउसेबियो गुडघ्यावर बसला आणि बुंध्याची माती हातांनी उकरू लागला. खोलवर, मातीच्या उबेत, बोटाएवढा हिरवा कोंब होता. म्हातारा हमसून हमसून रडला.

नायेलीने काय करावं? रणरणत्या उन्हात मला फरफटत आणलं. "वेलो, कोंबाला थंडी वाजेल!"

मित्रांनो, माझी एकच विनवणी. तुमच्याही घरी कुणाच्या आठवणीचं पांघरूण पेटीत असेल, तर ते काढा. ज्याला थंडी वाजतेय त्याच्या अंगावर घाला. मी आता रोज नायेलीच्या पलंगावर असतो. उन्हाळ्यात ती मला लाथेने खाली पाडते, आणि एउसेबियो उचलून परत तिच्या पायांवर टाकतो.