गोळीवाल्यांचं अर्धवट काम

मुलीचा फोन शनिवारी आला.

"बाबा, आईला जाऊन वर्ष होत आलं. घरात तिचा एक धड फोटो नाही. तुम्ही शोधताय की मी येऊन शोधू?"

"मी शोधतो," म्हणालो. ती शोधायला आली की आधी घर आवरते, आणि तिने घर आवरलं की मला महिनाभर चाकू सापडत नाही.

फोटो अगदीच नव्हता असं नाही. लग्नातला एक आहे, पण त्यात ती बावीस वर्षांची आहे आणि मला ओळखतसुद्धा नाही. ओळखपत्रावरचा एक आहे, त्यात ती कुलूप तोडताना पकडल्यासारखी दिसते. मुलीच्या लग्नात तरी असायला हवा होता. पण तिथे तिने, "अहो, उजेड कुठून येतोय ते तरी बघा," असं म्हणत फोटोग्राफरच्या हातातला कॅमेरा घेतला, तो जेवणं उरकेपर्यंत परत दिला नाही. त्या अल्बममध्ये मांडव घालणारा आहे, त्याचा मेहुणा आहे, नवरीची आई नाही.

तिने काढलेले फोटो मात्र घरात हजारोंनी आहेत. सगळे उघड्या रानाचे. पानगळ लागली की तिला घर खायला उठायचं. तिथून थंडी संपेपर्यंत दर रविवारी पहाटे पाच वाजता निघायचं, गावाबाहेर वीस-पंचवीस मैल जायचं आणि धुक्याचे, निष्पर्ण झाडांचे, कापणी झालेल्या शेतांचे फोटो काढायचे. तिघं-चौघं तसेच वेडे होते, त्यांचा एक गट होता. मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. माझी सगळी नोकरी उभ्या बोगद्यात गेली. रानात बघण्यासारखं काय असतं ते मला कधी कळलं नाही. तरी मी बारा वर्षं जात होतो, कारण मला तिथे काम होतं.

माझं काम ठिपक्याचं. नुसत्या माळरानाचा फोटो काढला तर ते किती मोठं आहे ते कळत नाही म्हणे. म्हणून लांबवर एक माणूस उभा करायचा. तिने मला त्यासाठी लाल स्वेटर विणून दिला होता. तो घालून मी अर्धा मैल चालत जायचो आणि मागून तिचा आवाज यायचा, "अहो, जरा डावीकडे! तुमचं डावं नव्हे, माझं!" मग मी थंडीत वीस मिनिटं उभा. पुढेपुढे बाकीचेही मला वापरायला लागले. मी एकदा शिंकलो तर तिघांचे फोटो हलले.

मुलीला मी एक गोष्ट सांगितली नव्हती. मला तिचा चेहरा आठवेनासा झाला होता. आवाज पक्का आठवायचा, कारण तो अर्ध्या मैलावरून यायचा. हात आठवायचे. पण चेहरा आठवायला गेलो की ओळखपत्रावरची ती चोरच डोळ्यांपुढे यायची. बारा वर्षं तिच्या चेहऱ्यापुढे कॅमेरा होता आणि मी अर्धा मैल लांब होतो. दुसरं काय होणार?

ती गेल्यापासून मी गटाबरोबर गेलो नव्हतो. या हंगामात त्यांचे चार फोन येऊन गेले होते. त्या शनिवारी मीच फोन लावला. म्हटलं, इतकी वर्षं ही माणसं तिच्याबरोबर हिंडली, एकाकडे तरी तिचा फोटो असेलच.

"ठिपकासाहेब आले!" रविवारी पहाटे दाताचे डॉक्टर गाडीचं दार उघडत ओरडले. ते गटाचे म्होरके. "तुमच्याशिवाय काही मजा नाही हो दादा. मागच्या रविवारी आम्ही एक गाय उभी केली."

"गाय उभी नाही केली, ती होतीच," मागून बाई म्हणाल्या. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून गाडी वळली की दिशा सांगतात. "भाऊजी, स्वेटर आणलात ना?"

"घातलाय."

त्यांच्या पलीकडे, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या घेऊन गोळीवाले बसले होते. त्यांचं औषधांचं दुकान आहे. हे नाव आमच्या हिनेच ठेवलेलं. सज्जन माणूस, पण फोटो काढताना त्यांचं बोट तरी मध्ये येतं किंवा झाकण तरी काढायचं राहतं. दर महिन्याला एकमेकांचे फोटो बघायचा कार्यक्रम असायचा, त्यात ही त्यांना सरळ सांगायची, "गोळीवाले, तुमचं प्रत्येक काम अर्धवट." ते मान डोलवायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून नुसते हात जोडले आणि एक पिशवी खाली पडली.

तळ्यावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. पाण्यावर वाफ होती. तिघांनी कॅमेऱ्याच्या तिकाट्या मांडल्या. मी पलीकडच्या बांधावर जाऊन उभा राहिलो, डावीकडे झालो, उजवीकडे झालो. ऊन वर आल्यावर सगळे थर्मासभोवती जमले, तेव्हा मी विषय काढला.

"तुमच्यापैकी कोणाकडे हिचा फोटो आहे का हो? कसाही चालेल."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले.

"वहिनींचा फोटो..." डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे दादा, त्यांचा असा मुद्दाम काढलेला नाही."

"मुद्दाम नको. मध्ये आली असेल ना कधी?"

"कधी? प्रत्येक वेळी! त्या नेमक्या कोपऱ्यावर असायच्या." डॉक्टरांना एकदम उत्साह आला. त्यांनी फोन काढला. "हे बघा, हेच तळं. इथे, या दगडाशी वहिनी वाकून उभ्या होत्या. दिसतंय काही?"

मी बघितलं. दगड होता.

"नाही."

"बघा! अर्धा तास लागला मला त्यांना फोटोतून पुसायला. दातात सिमेंट भरतो ना, तसं एकेक कण बसवला. कोणी सांगेल का इथे बाई होती म्हणून?"

"नाही सांगणार," मी म्हणालो.

"निसर्गाच्या फोटोत माणूस नको, हा आपला नियम. ठिपका सोडून."

"माझ्याकडे आहे बहुतेक," बाई म्हणाल्या आणि माझ्या जिवात जीव आला. त्यांनी फोनवर बरंच शोधून एक फोटो पुढे केला. उतार, गवत, मध्ये एक झुडूप. "हे झुडूप म्हणजे ताई."

"झुडूप?"

"त्या बसल्या होत्या तिथे. मागचं गवत नीट जुळेना, म्हणून मी दुसऱ्या फोटोतलं झुडूप आणून त्यांच्यावर ठेवलं. छान बसलंय की नाही?"

मी त्या झुडपाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो असेन, कारण बाईंनी फोन हळूच मागे घेतला.

"मूळ फोटो असतील ना पण? काढून टाकायच्या आधीचे?"

"ठेवत नाही हो आम्ही," डॉक्टर म्हणाले. "जागा अडते."

त्यांनी कप झटकून आकाशाकडे बघितलं. मग म्हणाले, "उजेड अजून बरा आहे. दादा, एकदा त्या वडाखाली..."

"नाही," मी म्हणालो. मी स्वेटर काढला, घडी घातली आणि गाडीत जाऊन बसलो. बारा वर्षांत ठिपक्याने पहिल्यांदा संप केला. काचेतून दिसत होतं, तिघं हळू आवाजात भांडत होते. बाई डॉक्टरांना हाताने काहीतरी दाखवत होत्या, बहुतेक झुडपाचा आकार. परतीच्या वाटेवर बाईंनी एकदाही दिशा सांगितली नाही.

घराशी उतरताना गोळीवाले माझ्या मागोमाग उतरले. "दादा, उद्या दुपारी दुकानात याल का? वहिनींचा फोटो नाहीच माझ्याकडेही. मीही पुसलंयच त्यांना, खोटं कशाला बोलू? पण त्या ज्या फोटोत होत्या, ते दाखवतो. निदान जागा तरी बघाल."

जागा बघून काय करायचं होतं? पण घरी बसूनही काय करायचं होतं? गेलो.

दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांच्या मधोमध त्यांचा कॉम्प्युटर होता. मला खोकल्याच्या औषधांच्या खोक्यावर बसवून त्यांनी एकेक फोटो लावायला सुरुवात केली. "ही टेकडी. इथे वहिनी होत्या." टेकडीच्या कडेला पांढरा डाग होता. "हे कुंपण. इथे होत्या." कुंपणाला एक खांब जास्त होता आणि तो हवेत होता. काम खरोखरच वाईट होतं. मला हसू यायला लागलं आणि त्यामुळे जरा बरं वाटलं.

"आणि हे तळं," गोळीवाले म्हणाले. "दोन हिवाळ्यांपूर्वीचं. इथे काठावर होत्या, या खुंटापाशी. ही जागा मात्र मला बरी साधली."

खरंच साधली होती. काठावर खुंट होता, गवत होतं, कोणी नव्हतं.

मग मी खाली पाण्यात बघितलं.

पाणी त्या दिवशी अगदी निश्चल असणार. पाण्यात खुंट होता, उलटा. आणि खुंटाला एका हाताने धरून, एका पायावर, उलटी, ती होती. दुसऱ्या हातात बूट. बुटातला खडा झटकत होती. कानटोपी मागे सरकलेली, केस कपाळावर, आणि त्या खड्यावर ती अशी काही चिडली होती की जणू मीच तो टाकला होता. कॅमेरा गळ्यात मागे पडला होता. तिच्या चेहऱ्यापुढे काहीही नव्हतं.

मी नुसतं बोट दाखवलं.

गोळीवाले चष्मा वर करून जवळ गेले. "अरेरेरे!" त्यांनी कपाळावर हात मारला. "पाण्यातल्या राहिल्याच की! दोन वर्षं लक्षात नाही आलं. थांबा दादा, आत्ता काढतो, दोन मिनिटांचं काम."

आणि त्यांनी माउस हातात घेतला.

साठी उलटल्यावर मी कोणाच्या अंगावर धावून गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, खोकं कलंडलं, बाटल्या घरंगळल्या आणि पुढच्या दुकानातून एक गिऱ्हाईक ओरडलं, "काय झालं हो आत?"

"काही नाही!" गोळीवाले ओरडले. मग हळूच मला म्हणाले, "सोडा दादा. कळलं."

त्यांनी माउस बाजूला ठेवला. मान वाकडी करून आम्ही दोघं बघत होतो, पण ते मानेला झेपेना. फोटो फिरवायचं बटण त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरचा पडदाच उचलला, उलटा केला आणि तसाच पोटाशी धरून उभे राहिले.

"दिसतंय का?"

"दिसतंय."

"हात दुखला तर सांगतो," ते म्हणाले. पण त्यांनी सांगितलं नाही. बराच वेळ धरून होते.

फ्रेम करणाऱ्याने तीन वेळा विचारलं, वरची बाजू कोणती? मी तीन वेळा सांगितलं. आता वर पाणी आहे, खाली काठ उलटा लोंबतोय, आणि मध्ये ती सरळ, जराशी थरथरती, एका पायावर उभी आहे.

पुढच्या रविवारी मुलगी आली. पर्स खांद्यालाच ठेवून फोटोसमोर उभी राहिली.

"बाबा, हा फोटो उलटा लागलाय."

"आई बघ."

तिने बघितलं. मग नाक पुसून म्हणाली, "तो बूट माझा आहे. कॉलेजातला. मी टाकून दिला होता."

"तिने उचलून ठेवला होता. मोठा व्हायचा तिला, पुढे कागद कोंबायची."

"म्हणून खडे जात होते," मुलगी म्हणाली. "आणि हे तोंड बघा. अस्संच व्हायचं, मी पसारा केला की." तिने फोटो भिंतीवरून उतरवला आणि छातीशी धरला. "मी नेते हा."

"अजिबात नाही. दुसरा करून घे. गोळीवाल्यांकडे आहे."

"मग तुम्ही दुसरा घ्या. मला हाच पाहिजे."

आम्ही अर्धा तास भांडलो.