भात्याचा कॅमेरा आणि अकरा सेकंद

साधनाकडे पाच कॅमेरे होते आणि पाचही तिच्या बापापेक्षा वयाने मोठे. वडशाच्या कॉलेजातून ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, तिथल्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली आणि येता-जाता रिंकू भंगारवाल्याच्या हातगाडीत डोकावायची खोड तिला जडली. तिला हवे असायचे ते फक्त रुंद फिल्मचे कॅमेरे. त्यांची फिल्म काळ्या कागदात गुंडाळलेली येते. दोन कॅमेऱ्यांत वरून वाकून पाहावे लागे, दोन नुसते डबे होते आणि पाचवा भात्याचा. झाकण उघडले की काळा भाता पुढे सरकायचा, टोकाला लेन्स. वरचे कंपनीचे नाव झिजून कधीच गेले होते. त्याची निगेटिव्ह मात्र तळहाताएवढी, नेहमीच्या निगेटिव्हच्या सहापट.

भात्याला बारीक भोके होती. अंधारात आत टॉर्च घालून तिने ती मोजली, सतरा भरली. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन आणि दिव्याची काजळी कालवून तिने एकेक बुजवले. मग शटर तपासायला बापाची सायकल उलटी केली, चाकाला पांढरा कागद चिकटवला, चाक सेकंदाला एक फेरा या बेताने फिरवले आणि फोटो काढले. शटरवर पंचवीस, पन्नास, शंभर असे आकडे होते. तिन्ही आकड्यांना कागदाने सारखीच कमान काढली, वर्तुळाचा आठवा भाग. म्हणजे आकडे काहीही म्हणोत, हे म्हातारे शटर सेकंदाचा आठवा भाग उघडे राहते. हलणारा माणूस त्यात धुरासारखा उतरणार.

बापाला, बाबुलालला, या सगळ्याचा वीट आला होता. तो गावच्या मासेमारी संस्थेचा सचिव. माळ्यावर जाळी ठेवायची तिथे कॅमेरे बसले होते.

"हे डबे काऊन जमवून राह्यली वो तू? फोटो तं एकाचाही भिंतीवर नाई."

"येईन ना बाबा."

"कधी? मी मेल्यावर?"

संस्थेला त्या साली, दोन हजार तीनला, पन्नास वर्षे होत होती. एप्रिलात तलावाचे पाणी उतरले की वर्षातून एकदा महाजाल पडते आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस सभासद त्याला हात लावतात. तेव्हाचा मोठा फोटो कचेरीत लावायचे ठरले. अट एकच, प्रत्येक माणूस ओळखू आला पाहिजे. बाबुलालने वडशाच्या हेमराज स्टुडिओवाल्याला सांगून टाकले. त्याच्याकडे नवा कोरा डिजिटल कॅमेरा होता.

साधना म्हणाली, "मीबी काढतो."

बाबुलालने हातातली भाकर खाली ठेवली. "काढ. तुयावाला भिंतीवर लागला तं डबे राहतीन. नाई लागला तं रिंकू तागडी घेऊन येईन अन् मी सोता मोजून देईन. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. तिची आई गिरजा चुलीपाशी हसली. "बापलेकीचं भांडन, अन् मोकळा होते तो माया माळा!"

साधना कबूल म्हणाली ती रागाने नाही, हिशेबाने. लहानपणापासून तिने महाजालाची दोरी ओढली होती आणि तिला एक गोष्ट ठाऊक होती. जाळ्याचा घेर लहान होत आला की आतल्या मोठ्या कतला माशांना दोरीची थरथर कळते आणि ते जाळ्यावरून उड्या मारून पसार होतात. म्हणून ओढीचा म्होरक्या, सत्तरीचा नथ्थूभाऊ, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा राहून उजवा हात वर करतो. हात वर असेपर्यंत कोणी हलायचे नाही, बोलायचे नाही, खोकायचे नाही. मासे तळाला बसतात, हात खाली येतो आणि मग सगळ्यांनी एकदम ओढायचे. त्या थांबण्याला नथ्थूभाऊ म्हणायचा, "जाल आयकते."

आदल्या वर्षी दोरी धरून उभी असताना तिने मनातल्या मनात मोजले होते. अकरा सेकंद.

रविवारी सूर्य उगवून अर्धा तास झाला होता. तीन बांबू बांधून केलेल्या घोडीवर तिने भात्याचा कॅमेरा चढवला आणि घोडी रोवली ती नेमकी नथ्थूभाऊच्या मागे, चार पावलांवर. ऊन पाठीशी. ॲपर्चर सगळ्यात बारीक, म्हणजे जवळचे-लांबचे सगळे स्पष्ट. नागपुराहून मागवलेला एकच रोल, त्यात आठ फोटो.

हेमराज पाण्याच्या कडेने फिरत होता. "बाई, तुया हार्मोनियमवर भजन म्हनशीन का फोटो काढशीन?"

"आयका तं खरं, हेमराजभाऊ."

"अन् नथ्थूभाऊच्या पाठीचा काऊन काढून राह्यली? पाठीले का तोंड असते?"

नथ्थूभाऊने मान वळवली. "असते. तुयापेक्षा बरं हाय."

कंबरभर पाण्यात माणसे हसली. घेर लहान होऊ लागला. कतले उसळू लागले तशी एकच धांदल उडाली, कोणी ओरडतोय, कोणी घसरतोय, पाणी उडतेय. हेमराज धडाधड फोटो घेत होता आणि खूश होता. साधनाने बोटही हलवले नाही. पाण्यातून बाबुलाल, जो स्वतः दोरीवर होता, ओरडला, "काढ नं वो! झोपली का?"

तिने शटरचा खटका चढवून ठेवला आणि नथ्थूभाऊच्या खांद्याकडे पाहत राहिली.

हात वर गेला.

तलाव गप्प झाला. जो जसा होता तसा थिजला. आणि साधनाने जे गणित मांडले होते ते समोर उभे राहिले: हात खाली कधी येतो हे कळावे म्हणून प्रत्येकाची नजर त्या हातावर होती. हात नथ्थूभाऊचा, पण त्याच्या मागे लेन्स होती. चाळीस माणसे, चिखलाने माखलेली, डोळे विस्फारून, सरळ तिच्या कॅमेऱ्यात पाहत होती. हेमराज तेवढ्यात खाली मान घालून कॅमेऱ्याचे सेल बदलत होता.

तिने शटरला जोडलेली वायर दाबली. खट्. चावी फिरवली, पाठीच्या लाल काचेत दोनचा आकडा येईपर्यंत. खटका चढवला. खट्. सात सेकंद. चावी, तीनचा आकडा, खटका, खट्. दहा.

हात खाली आला आणि तलाव पुन्हा फुटला.

सोमवारी कॉलेजच्या कोठीत तिने रोल धुतला आणि काचेखाली निगेटिव्हएवढाच फोटो छापला. मंगळवारी संस्थेच्या कचेरीत सगळे जमले. हेमराजने वहीएवढे रंगीत फोटो मांडले. एकात हवेत उडालेला कतला असा झकास आला होता की लोकांनी वाहवा केली. मग शोध सुरू झाला.

"हा कोन? लटारू का?"

"लटारू कुठचा, ते तं केसरबाईचं लुगडं हाय!"

माणसे होती, पण अर्धी पाठमोरी आणि उरलेली पुसल्यासारखी. साधनाने आपला फोटो पुढे केला. तळहाताएवढा, काळा-पांढरा. मागून कोणीतरी म्हणाले, "एस.टी.चा पास हाय का?" सगळे खिदळले. बाबुलालने खाली पाहिले.

तिने पिशवीतून प्रयोगशाळेचे भिंग काढले आणि केसरबाईच्या हातात दिले. केसरबाई वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

"अगे बाई! माया कपायावरचं गोंदन दिसते!"

भिंग हातोहात फिरले. जो तो स्वतःला सापडला. लटारूच्या शर्टाचे तुटलेले बटण सापडले. गिरजाने विणलेल्या जाळ्याच्या पट्टीतल्या गाठी एकेक मोजता आल्या. बाबुलाल सापडला, तोंड अर्धे उघडे, कारण हात वर गेला तेव्हा तो पोरीवर ओरडत होता. कोणीतरी चाळीस नावे घेतली.

"एक्केचाळीसावा?" हेमराज म्हणाला. "नथ्थूभाऊचं तोंड कुठी हाय? अट तं साऱ्यायले ओळखायची होती."

प्रश्न खरा होता. पाठीमागे उभे राहायचे ठरवले तेव्हा तिने हा एक माणूस हिशेबातून सोडला होता.

नथ्थूभाऊने भिंग घेतले. फोटोच्या मधोमध, आकाशावर, वर गेलेला हात होता. तर्जनी अर्धीच. बाकीची अर्धी तरुणपणी दोरीत अडकून गेली होती.

"हे बोट," तो म्हणाला, "आन् कोनाचं हाय का या गावात?"

कोणाचेच नव्हते.

"मंग? मी हाय ना यात. मोठ्ठा करा हा. अन् हे बोट कापू नका."

सगळ्यात आधी हेमराजच हसला. "बाई, मोठा कराले चंद्रपूरचा जुना स्टुडिओ मी दाखवतो तुले. पन हार्मोनियम एकडाव मले वाजवू दे."

संध्याकाळी सांगितल्याप्रमाणे रिंकू तागडी घेऊन दारात हजर झाला. बाबुलाल माळ्यावर चढला होता, जाळी एका कोपऱ्यात सारून पाच कॅमेरे पुसून ओळीने मांडत होता.

"कुठी हायत डबे, बाबुलालभाऊ?"

"डबे नाईत इथी," बाबुलाल वरूनच म्हणाला. "अन् आयक, असा एखादा तुया गाडीवर आला तं हातोडा मारू नको. पहिले मले दाखव."