तिच्या वहीतलं चौथं वाक्य

नात परदेशात वाढलेली, तिला मराठीचा गंध नाही. तिच्याशी फोनवर बोलता यावं म्हणून साठाव्या वर्षी आमच्या हिने इंग्रजीचा क्लास लावला. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, मला ही थेरं वाटायची. "आता मडमीण होणार वाटतं," असं मी चारचौघांत म्हणायचो. ती हसण्यावारी न्यायची.

बाईंची पद्धत अशी, की एक क्रियापद घ्यायचं, त्याचे सगळे अर्थ शिकायचे आणि आठवडाभर आपल्या घरातली वाक्यं लिहून आणायची. शेवटचा आठवडा 'पिक अप'चा होता. शुक्रवारी हिने वही तपासायला दिली आणि रविवारी सकाळी चहा गाळता गाळता ती गेली.

महिन्याने बाईंचा निरोप आला, वही घेऊन जा. माझ्या दुकानापासून क्लास स्कूटरवर पाच मिनिटांवर. न्यायला या, असं हिने मला सुरुवातीला दोनदा म्हटलं होतं. बस आहे की, असं म्हणून मी विषय संपवला होता.

क्लासच्या दारातच मी वही उघडली. पहिल्या वाक्यात ती जमिनीवरचा टॉवेल उचलत होती. टाकणारा मीच, दुसरा कोण असणार. दुसऱ्यात ती फोन उचलत होती. तिसऱ्यात नातीचं ऐकून ऐकून नवे शब्द शिकत होती. इथवर सगळं खरं होतं.

चौथं वाक्य होतं, 'माय हजबंड पिक्स मी अप एव्हरी इव्हनिंग.' माझा नवरा मला रोज संध्याकाळी न्यायला येतो. शेजारी लाल शाईत बरोबरची खूण.



बाई सांगत होत्या, त्या तिला गाडीतून सोडायला तयार असायच्या, पण ती फाटकाशीच थांबायची. हे निघालेत, येतीलच एवढ्यात, असं म्हणून सगळ्यांना पुढे पाठवायची.

क्लास सुटायचा साडेसहाला आणि ती यायची सव्वासातच्या बसने. मधला वेळ बायकांशी गप्पा छाटत असेल, असं मी धरून चाललो होतो.

"आपली भेट कधी झाली नाही," बाई म्हणाल्या. "रोज यायचात ना तुम्ही?"

खरं सांगितलं असतं, तर ती इथे खोटी पडली असती. मी वही मिटली.

"यायचो," मी म्हणालो. "जरा उशीर व्हायचा मला."