आयेच्या नावाचं रडणं

केसरीनाथ सिनेमाला यायला तयारच नव्हता. पण सगळं खारबाव गाव बघून आलं नि लेकीचे आईबापच तेवढे राहिले, तर लोक तोंडात शेण घालतील, असं सुनावून गोदूबाईनं त्याला भिवंडीला तीनच्या खेळाला ओढत आणलं.

लेक म्हणजे कमळ. सोळाव्या वर्षी नाटकवाल्यांबरोबर पळाली. आधी सिनेमाच्या गर्दीत उभी राहिली, मग नायिकेची मैत्रीण झाली, आणि आता अवंतिका या नावानं भिंतीभिंतीवर झळकत होती. पाच वर्षांमागं केसरीनाथ तिला आणायला दादरला गेला नि हात हलवत परतला. "मला आय न्हाय, म्हणाली," एवढंच त्यानं सांगितलं. गोदूबाईनं तो घाव गिळला. जन्म द्यायचा नि वर हे ऐकायचं! तरी मेलीचा एक सिनेमा तिनं सोडला नाही.

या सिनेमात म्हणे लिहून दिलेलं बाजूला सारून कमळ आपल्या मनानं रडली होती, आणि त्या रडण्यालाच सरकारी बक्षीस मिळालं होतं.

पडद्यावर बंगला, पलंग, पलंगावर शालू नेसलेलं आईचं मढं. कमळनं छाती पिटली आणि गावाकडच्या बायका मयताला काढतात तसा हेल काढला. गेलेल्या माणसाचं एकेक आठवून रडायचं, ही तिकडची रीत. जित्या माणसासाठी असं कुणी चुकूनही रडत नाही.

"निवटे पदरात लपवून आननारे आये गो... डाव्या टाचेला चिंधी बांधून खाडीत उतरनारे आये गो..."

गोदूबाईचा हात आपसूक डाव्या टाचेकडे गेला. जुन्या भेगेवरची चिंधी तिथंच होती. सासूच्या नजरेआड खाडीच्या चिखलातले निवटे मासे भाजून कमळला तिनंच खाऊ घातले होते. अगं बाई, हे त्या बंगलेवालीचं रडणं नव्हतंच. लेक तिलाच रडत होती.

शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "रडू नका मावशी, खोटं असतं सगळं."

गोदूबाई नवऱ्याकडे वळली. तो आपल्या चपलांकडे बघत बसला होता.

"मी कवा मेले, ते सांगा."

तो पुटपुटला, की दादरला पोर परत यायला तयार होईना, तेव्हा डोकं फिरलं होतं. तुझ्यापायी आय गेली, असं पोरीला बोलून बसला, नि मग ते मागं घेता येईना.

म्हणजे पोर खोटं बोललीच नव्हती. पाच वर्षं इकडं आई तिला शिव्या घालत होती, आणि तिकडं ती आईला मारल्याचं पाप उरावर घेऊन जगत होती.

पडद्यावर रडणं अजून चालूच होतं. गोदूबाई उठली.

"उठा. आताच दादरला चला. मेले ते तुमी सांगितलं, जिती हाय तेबी तुमीच सांगायचं."