मी ‘हाय’ म्हणालो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. पण तिसगावात मला या नावानं कुणी ओळखत नाही. इथं मी ‘साखरेचं मशीन’. तळहाताएवढा माझा जीव. एका कोपऱ्याचा रंग उडालाय, बटण दाबायला जरा जोर लागतो. पण आजवर एकदाही खोटं बोललो नाही. छाती असती तर ठोकून सांगितलं असतं!

माझा जन्म कारखान्यातला. जोडणी झाल्यावर तपासणीच्या द्रावाचा थेंब देऊन माझी परीक्षा घेतली. शेजारचे दोघे नापास झाले, मी पास. सात वर्षांपूर्वी राधाकृष्णनं मला नगरच्या मेडिकलातून घेतलं. तो नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. आईला मधुमेह निघाला, म्हणून तिच्यासाठी त्यानं मला शर्टाच्या खिशातून घरी आणलं.

त्याची आई बायडाबाई म्हणजे गावची जुनी सुईण. अहो, काय बाई! अर्धं तिसगाव तिच्या हातांवर जन्मलेलं. कुणी विचारावं, “बायडाबाई, मी कधीचा?” की ही ओट्यावरूनच सांगणार, “तू मढीच्या जत्रेतला. पायाळू. तुझ्या बापानं बैलगाडी चिखलात घातली हुती!” शाळेच्या दाखल्यातली तारीख चुकायची, बायडाबाई चुकायची नाही.

मलाही आठवण आहे बरं का. पाचशे आकडे तारखेसकट पोटात ठेवतो मी. म्हणून आमचं दोघांचं छान जमलं. तिची सून ज्ञानेश्वरी सकाळी तिच्या बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीला लावायची आणि आकडा मोठ्यानं वाचायची. अडीच वर्षांपूर्वी गोळ्या पुरेनात, तेव्हा आकडा पाहून इन्सुलिनचं इंजेक्शनही चालू झालं. “मशीन लई गुनाचं हाय,” बायडाबाई शेजारणींना सांगायची, आणि मी आतल्या आत फुगायचो.

मग दोन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी चष्मा, मग चुलीवरचं दूध, मग नावं. घरचे म्हणाले, वय झालं. पण तिला ते पटेना. सुईण असल्यानं लोकांनी आठवणीसाठी तिच्या दारात यायचं, आणि तिनं “थांब, आठवते” म्हणून गप्प बसायचं? तिच्या जिवाला हे लागलं. तिनं मनाशीच हिशेब जुळवला: सुई चालू झाली आणि डोकं गेलं. म्हणजे सुईच आठवण खाते! ज्ञानेश्वरीला ती म्हणाली, “माझं मी टोचून घेते.” आणि इंजेक्शन घेणंच सोडलं. मला शेवयांच्या डब्यामागं सारलं. दीड महिना मी तिथं धूळ खात पडलो. गावची सुईण, आणि सुईलाच भ्याली! मला हसू यावं की रडू, कळेना.

एके दिवशी ज्ञानेश्वरीला संशय आला. सासू तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती आणि बोलणं तुटक झालं होतं. तिनं मला शोधून काढलं, सुई टोचली. मित्रांनो, माझी धाव सहाशेपर्यंत. त्याच्या वर गेलं की मी आकडा दाखवत नाही, इंग्रजीत दोन अक्षरं दाखवतो: एच आणि आय. म्हणजे फार जास्त, दवाखाना गाठा!

ज्ञानेश्वरीनं वाचलं, “हाय.”

“काय म्हनतंय?” बायडाबाईनं विचारलं.

“हाय म्हनतंय, आत्या.”

“हाय ना? मंग हाय की बरी!”

आणि दोघी निवांत झाल्या. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी जीव तोडून ओरडतोय, आणि यांना वाटतंय मी ख्यालीखुशाली सांगतोय. खरं बोलण्याचा एवढा माझा तोरा. पण समोरच्याला कळलंच नाही तर ते खरं काय कामाचं?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राधाकृष्ण कामावरून आला. आईनं त्याच्याकडं परक्यासारखं पाहिलं. “कुनाकडून आलासा? बाळंतीन कुठं हाय?”

तो दारातच बसला. ज्ञानेश्वरी धावत जाऊन उपकेंद्रातल्या दीना सिस्टरला घेऊन आली. सिस्टर भिंगारच्या, आवाज मऊ, नजर तीक्ष्ण. त्यांनी मला हातात घेतलं, मागचे आकडे पाहिले. “तीन दिवस! अगं ज्ञानेश्वरी, हे तुमचं ‘हाय’ नव्हे गं. साखर आभाळाला टेकलीय!” माझ्या पोटातल्या तारखा पाहूनच त्यांनी अँब्युलन्स बोलावली. आठवडाभर बायडाबाई नगरच्या दवाखान्यात होती.

परत आली ती मुलाला ओळखत. सिस्टर घरी आल्या तेव्हा तिनं पहिलाच प्रश्न टाकला, “खरं सांगा, सुई आठवन खाती का न्हाई?”

“नाही, मावशी. उलट आहे. इन्सुलिन म्हणजे निरोप्या. तो पेशींना सांगतो, साखर आलीय, आत घ्या. मेंदूलाही त्याचा निरोप लागतो, शिकलेलं धरून ठेवायला. मेंदूतल्या पेशी त्याचं ऐकेनाशा झाल्या की आठवण ढिली होते, असं संशोधकांना दिसतंय. सगळं अजून उलगडलेलं नाही. त्या दिवशीचं भान गेलं ते चढलेल्या साखरेनं, ते परत आलं. पण दोन वर्षांपासूनचं विसरणं वेगळं. ते सगळं परत येईल, असं मी खोटं सांगणार नाही. साखर सांभाळली तर उरलेलं जास्त टिकेल, एवढी आशा. आणि साखर फार खालीही जाऊ द्यायची नाही.”

तेव्हा मित्रांनो, घरातलं कुणी विसरायला लागलं तर ‘वय झालं’ म्हणून मोकळे होऊ नका, दाखवून आणा. मनानं औषध तोडू नका. आणि माझ्यासारख्याच्या तोंडावर न समजणारं काही उमटलं, तर लाजू नका, विचारा. विचारणाऱ्याचं काही जात नाही.

त्या दिवसापासून बायडाबाई जन्म सांगते आणि ज्ञानेश्वरी वहीत लिहिते. कुणी मोहट्याच्या नवरात्रातलं, कुणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचं. परवा सकाळी राधाकृष्ण शेजारी येऊन बसला. “आई, माझा दिवस सांग की.”

बायडाबाईनं खूप आठवलं. बोटांवर सण मोजून पाहिले. डोळे भरले तिचे.

“न्हाई रं आठवत,” ती म्हणाली. “पन तुला पयल्यांदा हातात घेतलं तवा मी लई हरखले हुते. त्ये आठवतंय.”

ज्ञानेश्वरीनं तेवढंच लिहिलं. राधाकृष्णनं रडत आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि बोट पुढं केलं. “रडताय काय? आना ते मशीन, टोचा सुई. अजून लई नावं सांगायची ऱ्हायल्यात.”

मी पट्टी तोंडात धरून तयारच होतो.