निरोप देणारी सळई

मी एक जुनी लोखंडी सळई आहे. हसू नका मित्रांनो! सळईला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या हौशी रॉकेट मंडळाची जेवढी रॉकेटं आकाशात गेली, ती सगळी माझ्या अंगावरून गेली आहेत.

माझा जन्म जालना एमआयडीसीतला. त्याआधी मी भंगार होते. कुणाच्या नांगराचा फाळ असेन नाहीतर कुणाच्या सायकलचा दांडा, आता आठवत नाही. भट्टीत वितळले, लालभडक होऊन निघाले आणि सरळ झाले. कल्याणभाऊंच्या ग्रिलच्या दुकानात माझ्या बहिणी एकेक करून खिडक्यांत बसल्या, संसाराला लागल्या. मला मात्र कल्याणभाऊंनी डोळ्यासमोर धरून पाहिलं आणि म्हणाले, "ही बराबर सरळ हाय. ही रॉकेटाला ठेवू." त्यांनी मला एका जड लोखंडी पाटावर उभं केलं.

माझं काम सोपं आहे. रॉकेटाच्या कुशीला एक छोटी नळी असते. ती माझ्यावरून खाली सरकवली की रॉकेट माझ्या आधाराने उभं राहतं. मग सगळे लांब जातात, कुणीतरी बटण दाबतं आणि रॉकेट मला घासून वर निघून जातं. टाळ्या वाजतात त्या आकाशाकडे पाहून. माझ्याकडे कोण पाहणार? गरज सरो नि वैद्य मरो! खोटं कशाला बोलू, मलाही फार वाटायचं की एकदा तरी कुणीतरी सोबत न्यावं. अजूनही वाटतं.

गेल्या ऑक्टोबरात केदारखेड्याला अण्णासाहेबांच्या रानातलं सोयाबीन निघालं. शनिवार-रविवार ते रान आमचं होतं. आमच्या मंडळातल्या नाहिदने महिनोन्‌महिने खपून एक निळं रॉकेट तयार केलं होतं. ते खाली येताना उघडणारी छत्री तिच्या अम्मीने, बदरुन्निसाबींनी, आपली नारिंगी ओढणी कापून शिवली होती. नाहिदला बंगळुरूला नोकरी लागली होती आणि सोमवारी ती निघणार होती. म्हणून अम्मी पहिल्यांदाच रॉकेट पाहायला आल्या होत्या.

शनिवारी मला रानात मांडलं आणि पाऊस कोसळला. सगळ्यांनी रॉकेटं छातीशी धरली आणि पत्र्याच्या शेडकडे धूम ठोकली. मला कुणी नेलं नाही. रात्रभर मी चिखलात भिजत उभी होते आणि शेडमधल्या दिव्याकडे पाहत होते.

रविवारी सकाळीही पाऊस होताच. अण्णासाहेब म्हणाले, "हे बघ पोरी, जमीन सुकून वाफसा आला की मी ज्वारी पेरणार. मंग तुझं रॉकेट होळीलाच." होळीला नाहिद इथे असणार होती थोडीच!

दुपारी पाऊस उघडला. वारा पडला. नाहिद धावत आली, तिने रॉकेट माझ्यावर चढवलं आणि ते अर्ध्यातच अडकलं. माझ्या अंगावर गंज चढला होता.

कल्याणभाऊंनी खिसे चाचपले. "पॉलिश पेपर दुकानातच राह्यला. असं अडकलं तर जाग्यावरच जळंल. न्हाई उडवायचं."

मित्रांनो, त्या क्षणी मला बरंच वाटलं. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यापाशी थांबलं होतं. बदरुन्निसाबीही त्या अडकलेल्या रॉकेटाकडे एकटक पाहत होत्या. त्यांच्या मनात काय होतं, ते मी ओळखलं.

मग त्या उठल्या. अण्णासाहेबांच्या घरच्या गिरिजाबाई शेडमध्ये चहा करत होत्या, त्यांना म्हणाल्या, "बाई, चुलीतली राख द्या. अन् थोडं तेल." नाहिदने रॉकेट उतरवून घेतलं. अम्मी चिखलात बसल्या आणि गोणपाटाच्या तुकड्याने मला तव्यासारखं घासू लागल्या.

"अम्मी, हाथ काले हो रहे तुम्हारे," नाहिद म्हणाली.

"होन दे. मैं पकडके रखी तो जाएगा कैसे?" त्यांचा हात थांबला नाही. मला तेल लावून त्यांनी स्वतःच्या पदराने पुसलं.

या वेळी बटण दाबल्यावर रॉकेट इतकं हलकेच वर गेलं की मला त्याचा स्पर्शही धड कळला नाही. ढगांखाली नारिंगी छत्री उघडली. नाहिद आणि बाकीचे सगळे चपला हातात घेऊन तिच्यामागे धावले. बदरुन्निसाबी तेवढ्या माझ्यापाशी आल्या आणि मला धरून उभ्या राहिल्या. आम्ही दोघींनीही त्या दिवशी आकाश फार वेळ पाहिलं.

आता त्या रानात ज्वारी डुलते आहे. मी मात्र दुकानात परत गेले नाही. "माझ्याकडं राहू द्या," असं म्हणून बदरुन्निसाबींनी मला घरी आणलं. दर जुम्म्याला त्या मला तेल लावतात. नाहिदचा फोन आला की ती माझी चौकशी करते आणि अम्मी सांगतात, "बिलकुल चमक रही."

मित्रांनो, तुम्ही खुशाल उंच जा, लांब जा. पण जे जमिनीवर उभं राहून तुम्हाला सोडतं, त्याला पावसात विसरू नका. होळीला रान मोकळं होईल. नाहिद येते म्हणाली आहे. तोवर आम्ही दोघी गंज चढू देणार नाही.