कल्याणसरांचा हात

“सर, तुमची विजेती कुठंय? तिला पुढच्या रांगेत आणून बसवा,” सूत्रसंचालन करणाऱ्या अरुंधतीबाई हातातल्या यादीवर पेन टेकवत म्हणाल्या. “चित्रकला, पहिला क्रमांक. कुमारी आकांक्षा, नववी, परतूर. हीच ना?”

कल्याणसरांनी मागे बघितलं. चौथ्या रांगेत अगदी कडेला बेबीनंदा बसली होती. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली, नजर व्यासपीठावरच्या फलकावर. ‘बोलू या, मन मोकळं करू या. युवा चित्रकला व लघुपट स्पर्धा, जिल्हा जालना.’

“तिची आई आलीय,” सर म्हणाले. “मुलगी वारली. ऑक्टोबरात.”

“अगंबाई. कशानं?”

सरांनी खाली बघितलं. आकांक्षानं स्वतःच जीव दिला होता. परतुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण परतूरपासून जालन्यापर्यंतच्या तासाभराच्या वाटेत ती बातमी कुणी आणली नव्हती. शाळेनंही कळवलं नव्हतं. निकालाचं पत्र आलं तेव्हा मुख्याध्यापक एवढंच म्हणाले होते, “नंबर तर आपल्या शाळेचाच आहे ना कल्याण? तिच्या आईला घेऊन जा आणि घेऊन या.”

अरुंधतीबाई समजायचं ते समजल्या. लगबगीनं आयोजकांकडे गेल्या. पडद्याआड पाच-सहा डोकी एकत्र आली. कुणी कपाळाला हात लावला, कुणी फोन काढला. थोड्या वेळानं एक कोट घातलेले गृहस्थ सरांपाशी आले आणि खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, “सर, वाईट वाटून घेऊ नका. पण पालक बसलेत, पत्रकार आहेत. चुकीचा संदेश जाईल. आपण नाव घ्यायला नको. बक्षीस आत खोलीत सन्मानानं देतो.”

घ्या. बोलू या म्हणून एवढं मोठं कापड टांगलेलं, आणि त्याच्याच आड कुजबुज. कल्याणसरांना रागही धड आला नाही. चोवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला ‘बरं’ म्हणायची सवय लागलेली असते. मतदार यादीचं काम लावलं, बरं. तासिका कमी केल्या, बरं. पाहुणे आले की फळ्यावर फुलं काढा, बरं. आताही ते बरंच म्हणाले आणि बेबीनंदाशेजारी जाऊन बसले.

मग लघुपट दाखवला. पहिला आलेला. एक पोरगा मान खाली घालून बसलेला, मित्र येऊन खांद्यावर हात ठेवतो, दोघं मैदानात पळत जातात, गाणं सुरू होतं. टाळ्या कडाडल्या. बेबीनंदा सरांकडे झुकून म्हणाली, “सर, पाच मिन्टात बरा झाला व्हय तो?”



आतल्या खोलीत तिला ढाल दिली, पाकीट दिलं, शाल पांघरली. तिनं शाल काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि विचारलं, “चित्र कुठंय?” ती तेवढ्यासाठीच आली होती. मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं होतं की पोरीनं चित्रात आईलाच काढलंय, मिठी मारलेली. आणि ही गोष्ट बेबीनंदाला फार हवी होती, कारण पोर गेल्यापासून घरात सासू आणि नणंद उठता-बसता एकच म्हणत होत्या, आईनं मार्कांवरून बोलून बोलून घालवली. नवरा कापसाच्या जिनिंगवरून यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. चित्र भिंतीवर लावलं म्हणजे बघणारा बघेल, असा तिचा हिशोब.

चित्र घेऊन दोघं स्टेशनवर आले. परतूरच्या गाडीला अजून पाऊण तास होता. दुपारचं ऊन फलाटावर सरकत आलेलं. बाकड्यावर बसून तिनं गुंडाळी सोडली आणि कागद गुडघ्यांवर पसरला.

उगवता सूर्य. दोन कबुतरं. हिरव्या साडीतली, अंबाड्यात गजरा माळलेली आई, आणि तिच्या मिठीत हसणारी मुलगी. खाली लाल ठळक अक्षरांत, ‘मन मोकळे करा, जीवन सुंदर आहे.’

सगळं कल्याणसरांनी काढलेलं.

आता हे काही पाप म्हणून कुणी मोजत नाही. स्पर्धा आली की कुठल्याही शाळेतला चित्रकलेचा मास्तर पोरांच्या चित्रांवरून हात फिरवतोच. इथे सावली, तिथे पानं, नाक जरा सरळ. परतुरात तर म्हणच होती, कल्याणसरांचा हात फिरला की नंबर ठरलेला. मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या निम्म्या ढाली त्या हाताच्या होत्या. पोरांनाही त्याचा अभिमान वाटायचा, आईबापांनाही.

बेबीनंदा कितीतरी वेळ बघत राहिली. सर वाट बघत होते, की ती आता रडेल, मग डोळे पुसेल, मग मन जरा हलकं होईल. तसं काही झालं नाही.

“ही मी व्हय?” ती म्हणाली.

सरांनी कागदाची वळणारी कड धरली.

“सर, मी तिला असं कवा जवळ घेतलं? मगाधरनं आठवून राह्यले. तान्ही होती तवा घेतलं आसंल. नववीतल्या पोरीला कोन घेतं हो असं?” तिचा आवाज अजिबात चढला नाही. “म्हंजे तिला हे पायजे होतं. काय लई मोठं मागितलं न्हवतं. एवढंच पायजे होतं, अन् मी ब्लाउजं शिवत बसले. लोक बोलतेत ते बराबर हाय मंग.”

चित्र बघून तिला धीर येईल म्हणून कल्याणसर इतके दिवस तोंड मिटून होते. इथे उलटंच झालं. त्यांनी परीक्षकांसाठी रंगवलेली मिठी हिनं पोरीची अखेरची मागणी म्हणून उचलली आणि स्वतःच्या छातीवर धोंड्यासारखी ठेवून घेतली. अजूनही गप्प बसता आलं असतं. एक चूप, हजार सुख. खरं काय ते जाणणारी एकच होती, ती गेली. पण ही बाई आता हा कागद घरी नेऊन भिंतीवर लावणार आणि मरेपर्यंत रोज त्याच्यासमोर शिवायला बसणार.

“बेबीनंदाताई,” ते म्हणाले, “हे तिनं नाही काढलं. मी काढलंय.”

तिनं मान वर केली.

“खालचं तिचं होतं. त्याच्यावर मी रंग दिला. असं उदास चित्र चालत नाही म्हणालो तिला. नंबर येत नाही म्हणालो. ती शेजारीच उभी होती. बरं सर, म्हणाली.”

फलाटावर चहावाला ओरडत गेला.

“तिनं काय काढल्तं?”

“तुम्ही मशीनवर बसलेल्या. पाठमोऱ्या. आणि मागे कोपऱ्यात पत्र्याची धान्याची कोठी. झाकण उघडं. त्या कोठीत एक मुलगी बसलेली, नुसतं डोकं वर.”

बेबीनंदानं कागदाच्या त्या कोपऱ्यावर हात ठेवला. “बसायची ती कोठीत. दोन पोती ज्वारी बसती आमच्या कोठीत, औंदा रिकामीच होती. शाळंतून आली की आत उतरून बसायची. मला वाटायचं, गार लागतं म्हून बसती. म्या म्हनायची, भाईर ये, पत्रा वाकंल.” तिनं सरांकडे बघितलं. “तुमी इचारलं का तिला, कोठीत कोन हाय म्हून?”

“विचारलं.”

“काय म्हनली?”

“मी, म्हणाली.”

“मंग?”

कल्याणसरांना वाटलं, इथून उठून जावं, कुठंही जावं. “मी हसलो,” ते म्हणाले. “म्हटलं, लपाछपी खेळती का काय? आणि ब्रश उचलला.”

त्यानंतर अकराव्या दिवशी आकांक्षा गेली होती. हे अकरा दिवस त्यांनी बोटांवर इतक्यांदा मोजले होते, की आता ते न मोजताच यायचे. बायकोला सांगितलं नव्हतं, मुख्याध्यापकांना नाही, चौकशीला आलेल्या जमादाराला तर नाहीच. ‘तिनं कुणाला काही सांगितलं होतं का?’ असं त्यानं सगळ्या शिक्षकांना विचारलं होतं, आणि सगळ्यांबरोबर सरांनीही मान हलवली होती. नाही म्हणून.

आता तिनं चप्पल काढून मारली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं. तिनं मारलं नाही. कागद त्यांच्यापुढे केला.

“काढा.”

“काय?”

“तुमचं हाय तेवढं काढा ह्याच्यावरलं.”

“ताई, पोस्टर कलर आहे. पाणी लावलं की माझा निघेल, पण खालचा तिचाही निघेल. दोन्ही एकच जातीचे. काहीच राहणार नाही.”

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “तुमचं ऱ्हायला नको.”

सर उठले. फलाटाच्या नळावर रुमाल भिजवला, पिळला, आणि बाकड्यावर कागद ठेवून वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. सूर्य पहिल्याच हाताला गेला. कबुतरं गेली. लाल अक्षरं पसरून गुलाबी झाली, मग तीही गेली. हिरवी साडी निघायला वेळ लागला, तिथे त्यांनी दोन थर दिले होते. हिरव्याखालचा तपकिरी, निळा, पोरीचा रंगही रुमालाला लागून आला. तीनदा त्यांनी नळावर जाऊन रुमाल धुतला. बोटं रंगली, सदऱ्याच्या बाह्या रंगल्या. येणारे-जाणारे थांबून बघत होते.

आणि मग रेघा दिसायला लागल्या. पेन्सिलीच्या. आकांक्षा फार दाबून काढायची, ब्रश उचलायच्या आधी सरांनी खोडरबरानं पुसायला घेतलं तेव्हाही त्या निघाल्या नव्हत्या. पाण्यानं त्यांना काही केलं नव्हतं. शिवणयंत्र आलं, त्याच्यावरची दोऱ्याची रिळं आली. कोठीचा गोल काठ आला, आणि त्यातून वर आलेलं डोकं. नाकापासून खालचं आत होतं. डोळे आईच्या पाठीकडे लागलेले.

पाठ मात्र तिनं सावकाश, जीव लावून काढली होती. गळ्यात टाकलेली मापाची पट्टी, मानेवर सुटलेली वेणी, आणि काखेपाशी बोटभर उसवलेली ब्लाउजची शिवण. उसवणीतले सुटे धागेसुद्धा एकेक करून काढलेले.

बेबीनंदा वाकली. तिनं त्या उसवणीवर बोट नेलं, पण कागदाला लावलं नाही.

“गावाची ब्लाउजं शिवते मी,” ती म्हणाली. “माझं उसवलेलं हाय, हे मला कुनी सांगितलं न्हाई. तिला दिसत होतं.”

मग ती रडली. तोंडावर पदर न घेता, फलाटावर सगळ्यांसमोर. सर बाजूला उभे राहिले. समजूत घालायचा त्यांना काही हक्क उरला नव्हता आणि ते त्यांना कळत होतं.

गाडी आली. लोक चढले. सरांनी ढाल असलेली पिशवी उचलली आणि म्हणाले, “ताई, चला.”

“वला हाय अजून,” तिनं डोळे पुसत कागदाकडे बघितलं. “गुंडाळला तर चिकटंल. गर्दीत फाटंल. तुमी जावा, मी मागनं येनाऱ्या गाडीनं येते.”

सरांनी पिशवी परत खाली ठेवली.

गाडी निघून गेली तेव्हा बेबीनंदानं कागदाची दोन टोकं धरली होती. वाऱ्यानं तो फडफडायला लागला. तिनं सरांकडे न बघताच सांगितलं, “धरा तिकडून. उन्हाकडं करा.”

कल्याणसरांनी उरलेली दोन टोकं चिमटीत धरली. रिकाम्या फलाटावर, कागद वाळेपर्यंत, दोघं तसेच उभे राहिले.